स्वस्ताई आणि वाढ : संगणक-निर्मात्याच्या एका प्रश्नाची चिकित्सा

१

महाडच्या बाजारपेठेत 'हार्डवेअर' अशी पाटी ज्या दुकानावर दिसते, तेथे खिळे, बिजागऱ्या, कड्याकोयंडे, नळाच्या तोट्या आणि रंगाचे डबे मिळतात. संगणक दुरुस्त करणारा कारागीरही आपल्या कामाला 'हार्डवेअरचे काम' असेच म्हणतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत असताना बोलणाऱ्यांचा गोंधळ होत नाही. संदर्भ अर्थाची निवड करून देतो. मात्र या दोन व्यवसायांच्या अर्थकारणात एक मूलभूत भेद आहे. आज विकली जाणारी बिजागरी दोन वर्षांनी निम्म्या किंमतीला विकावी लागेल, अशी धास्ती बिजागऱ्या बनविणाऱ्याला नसते. लोखंडाचे भाव चढतील वा उतरतील. बिजागरी ही बिजागरीच राहील. संगणक बनविणाऱ्याला मात्र आपल्या मालाची घसरण गृहीत धरूनच कारखाना उभारावा लागतो. त्याचे यंत्र ज्या दिवशी बाजारात येते त्याच दिवसापासून ते जुने होऊ लागते, आणि तेवढेच काम करणारे दुसरे यंत्र कोठेतरी कमी खर्चात तयार होत असते.

अशा स्थितीत तो निर्माता वाढत राहू शकतो काय, हा प्रश्न वरकरणी अर्थशास्त्राचा आहे. त्याचे रूढ उत्तरही ठरलेले आहे : किंमत उतरली की खप वाढतो, खप वाढला की उद्योग वाढतो, म्हणून किंमत उतरणे हेच वाढीचे कारण होय. या युक्तिवादात मांडणीची सफाई आहे; परंतु त्याचे मधले पद तपासून पाहिले म्हणजे ते एकाच अर्थाने दोनदा आलेले नाही असे आढळते. 'वाढ' हा शब्द पहिल्या वाक्यात एका वस्तूविषयी बोलतो आणि दुसऱ्यात दुसऱ्याच वस्तूविषयी.

भाषेच्या अभ्यासकाने या प्रश्नाकडे वळण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते शब्दार्थाच्या चर्चेहून अधिक निकडीचे आहे. मराठी अक्षर संगणकाच्या पडद्यावर आले ते एका यंत्रभागाच्या रूपाने, विकाऊ माल म्हणून आले. पुढे तो माल स्वस्त झाला, आणि अखेरीस नाहीसा झाला. त्या मालाबरोबर मराठीसाठी लागणाऱ्या कामाचा मोबदला देणारी व्यवस्थाही नाहीशी झाली काय, हे पाहणे मराठीच्या अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम आहे.

२

प्रथम 'वाढ' या शब्दाचा विचार करावयास हवा. उद्योगाच्या संदर्भात त्याचे निदान तीन अर्थ संभवतात : विकलेल्या नगांची वाढ, एकूण उलाढालीची वाढ आणि नफ्याची वाढ. वृत्तपत्रांतील मजकुरात हे तिन्ही अर्थ एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वास्तविक त्यांची चाल एका दिशेने असेलच असे नाही.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. एका निर्मात्याने शंभर रुपये दराने शंभर यंत्रे विकली. प्रत्येकी खर्च ऐंशी रुपये आला. उलाढाल दहा हजार, नफा दोन हजार. पुढे किंमत पन्नासावर आली आणि खर्च पंचेचाळीसावर. आता केवळ जुनी उलाढाल टिकविण्यासाठी दोनशे यंत्रे विकावी लागतील. जुना नफा टिकविण्यासाठी मात्र चारशे. चारशे यंत्रे विकली गेली असे धरले तर नगांची वाढ चौपट, उलाढालीची दुप्पट आणि नफ्याची शून्य. जाहिरातीत पहिला आकडा येईल, वार्षिक अहवालात दुसरा. तिसरा आकडा कारखान्याच्या मालकाला एकट्याला माहीत असेल.

ही घसरण एकदाच घडून थांबती तर प्रश्न बिकट नव्हता. परंतु किंमत दरसाल तीस टक्क्यांनी उतरत राहिली, तर उलाढाल जागच्या जागी ठेवण्यासाठी नगांचा खप दरसाल सुमारे त्रेचाळीस टक्क्यांनी वाढला पाहिजे. पाच वर्षांनी, जेथे शंभर यंत्रे विकली जात होती तेथे जवळजवळ सहाशे विकली जावी लागतील, आणि ती केवळ 'न घटण्यासाठी'. एवढ्या वेगाने नवे ग्राहक मिळत असेपर्यंत घसरण आणि वाढ यांचे सख्य राहते. ग्राहकांची संख्या ही मर्यादित राशी आहे. घसरणीला मात्र तशी मर्यादा दीर्घकाळ दिसलेली नाही.

मराठीच्या स्वभावात या शब्दाविषयी एक सावधपणा पूर्वीपासूनच आहे. देवापुढे नारळ फोडला असे न म्हणता 'वाढविला' म्हणतात. हातातली बांगडी फुटली तर ती 'वाढली' असे सांगतात. अशुभ टाळण्यासाठी योजिलेला हा पर्यायोक्तीचा प्रकार होय. बाजारातील कित्येक 'वाढी' याच जातीच्या असतात; आकडा वाढलेला असतो आणि वस्तू फुटलेली असते. उपरोध बाजूला ठेवला तरी यातील तार्किक मुद्दा शिल्लक राहतो : कशाची वाढ, हे षष्ठीचे पद सांगितल्यावाचून 'वाढ' या शब्दाला शास्त्रीय विधानात स्थान देऊ नये.

३

घसरण किती खोल आहे याची कल्पना येण्यासाठी महाड तालुक्यातीलच एक धागा हाती घेता येईल. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. १९४५ ते १९६४ या काळात ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. आणि त्याच संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून आणलेला 'एचईसी-२एम' हा देशातील पहिला अंकीय संगणक बसविण्यात आला. त्याच्या फिरत्या ढोलावरील स्मृतीत १०२४ 'शब्द' मावत. येथे 'शब्द' ही संज्ञा भाषेतील शब्दाची नसून अंकांच्या एका ठराविक गटाची आहे. आज नात्याहून महाडला येणाऱ्या एस. टी.तील उतारूच्या खिशात जे यंत्र असते, त्याची स्मृती त्या ढोलाच्या कोट्यवधी पटींनी मोठी असते, आणि ते यंत्र कोणा संस्थेने नव्हे तर त्याने स्वतः विकत घेतलेले असते.

या घसरणीचे सूत्र गॉर्डन मूर यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये एका छोट्या लेखात मांडले. एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल असे त्यांचे अनुमान होते. १९७५ मध्ये त्यांनी ही मुदत दोन वर्षांची केली. 'मूरचा नियम' या नावाने प्रसिद्ध झालेले हे विधान निसर्गनियम नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ते उद्योगाने स्वतःला घालून घेतलेले वेळापत्रक होते. प्रतिस्पर्धी ते पाळणार अशी प्रत्येकाची समजूत असल्यामुळे प्रत्येकाला ते पाळावे लागले. किंमत उतरविणे हा निर्मात्याचा केवळ निर्णय नव्हता. ती त्याच्यावर लादली गेलेली अटही होती.

या अटीखाली कोण वाढतो आणि कोण बुडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण बिझिकॉम या जपानी गणनयंत्र-कंपनीचे आहे. या कंपनीच्या मागणीवरून इंटेलने जी चिप तयार केली तीच १९७१ मध्ये '४००४' या नावाने प्रसिद्ध झालेली पहिली व्यापारी सूक्ष्मप्रक्रियक होय. प्रारंभी तिच्यावर बिझिकॉमचा एकाधिकार होता. परंतु गणनयंत्रांच्या किंमती उतरू लागल्या, बिझिकॉमला चिपा स्वस्त हव्याशा झाल्या, आणि त्या सवलतीच्या मोबदल्यात तिने आपला एकाधिकार सोडून दिला. १९७४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली; इंटेल मात्र पुढील कित्येक दशके वाढत राहिली. घसरणीने दोघांनाही गाठले होते. एकाने घसरणीशी झुंजण्यासाठी आपल्याजवळची एकमेव अद्वितीय वस्तू विकली. दुसऱ्याने ती विकत घेतली.

इंटेलच्याही वाट्याला हा प्रसंग आलाच. ज्या स्मृति-चिपांच्या धंद्यावर ती उभी राहिली होती, त्या चिपा जपानी स्पर्धेत इतक्या स्वस्त झाल्या की १९८५ मध्ये इंटेलने तो धंदा सोडून प्रक्रियकांवर भर दिला. वाढ झाली ती संस्थेची. मूळ वस्तूच्या निर्मात्याची झाली असे म्हणता येत नाही. आयबीएमने १९८१ मध्ये वैयक्तिक संगणक बाजारात आणला आणि २००५ मध्ये तो सारा विभाग चीनच्या लेनोव्हो कंपनीस देऊन टाकला, ही घटनाही याच पंक्तीत बसते. यावरून रूढ युक्तिवादात एक दुरुस्ती सुचते. किंमती उतरत असताना वाढणारा निर्माता बहुधा तोच, जो उतरणारी वस्तू वेळेवर सोडतो. 'निर्माता वाढत राहिला' या वाक्यातील कर्ता तोच राहतो. कर्म बदललेले असते.

४

महाराष्ट्रातील इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेलकंपनीने आयबीएमचा '१४०१' संगणक बसविला. व्यापारी कामासाठी देशात आलेल्या प्रारंभीच्या संगणकांपैकी तो एक. परदेशी चलन नियमन कायद्याच्या अटी न मानता आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली, आणि देशी निर्मात्यांना मोकळे रान मिळाले. १९७६ मध्ये स्थापन झालेली एचसीएल आणि १९८० मध्ये मुंबईत सुरू झालेली झेनिथ कॉम्प्युटर्स ही या पिढीतील नावे होत. १९८४ च्या संगणक-धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले, १९९१ नंतर ते आणखी सैल झाले, आणि नव्वदीच्या दशकात देशी छापाचा वैयक्तिक संगणक कचेऱ्यांतून व सुखवस्तू घरांतून पोहोचू लागला.

या वाढीचे श्रेय किंमतीच्या घसरणीस देणे अर्धसत्य ठरेल. जागतिक बाजारात किंमती उतरत होत्याच. परंतु आयात शुल्काच्या भिंतीमुळे ती घसरण देशात उशिरा आणि गाळून पोहोचत होती. बाहेरची किंमत आणि आतली किंमत यांतील हे अंतर देशी निर्मात्याच्या अस्तित्वाचा आधार होते. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे ठरलेला माहिती-तंत्रज्ञान करार भारताने १९९७ मध्ये स्वीकारला, आणि २००५ पर्यंत संगणक व त्याचे भाग यांवरील आयात शुल्क शून्यावर आले. भिंत गेली आणि अंतरही गेले. २०१३ मध्ये एचसीएल इन्फोसिस्टम्स आणि विप्रो या दोन्ही कंपन्यांनी संगणक बनविण्याच्या धंद्यातून अंग काढून घेण्याचे ठरविले. झेनिथचे नावही बाजारातून ओसरले.

परदेशी छापांची स्पर्धा ही या ऱ्हासाची एक बाजू. दुसरी बाजू मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर पाहावयास मिळत होती. तेथे सुटे भाग घेऊन जोडलेला, कोणाचेही नाव न मिरविणारा संगणक छापाच्या संगणकापेक्षा स्वस्त पडे. महाड-पोलादपूरसारख्या तालुक्याच्या गावी छपाईची जुळणी करणाऱ्यांनी किंवा शिकवणी-वर्ग चालविणाऱ्यांनी असा जोडलेला संगणक पत्करला असेल तर त्यात नवल नव्हते. तो बिघडल्यास गावातला कारागीर उघडून दुरुस्त करू शके. येथे एक तत्त्व स्पष्ट होते. सुटे भाग प्रमाणित झाले की जोडणीचे कौशल्य सर्वांचे होते, आणि सर्वांचे झालेले कौशल्य कोणालाच भाव मिळवून देत नाही. देशी निर्माता स्वतःस 'उत्पादक' म्हणवीत होता. बाजाराने त्याला जोडारी ठरविले.

५

याच काळात पुण्यात एक असा यंत्रभाग विकला जात होता की ज्याचे मूल्य जोडणीत नव्हते, भाषेच्या ज्ञानात होते. त्याचा वृत्तांत मराठीच्या अभ्यासकांनी अर्थशास्त्राच्या अंगाने फारसा वाचलेला नाही.

कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात प्रा. रा. म. क. सिन्हा, मोहन तांबे प्रभृतींनी भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र विकसित केले, ते 'जिस्ट' या नावाने १९८८ मध्ये पुण्यात नव्याने स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत आले. त्या वेळच्या डॉस प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाचा पडदा रोमन अक्षरांच्या ठराविक चौकटींसाठी घडविलेला होता. देवनागरीची वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते पण उच्चारात नंतर येते. जोडाक्षरात एक वर्ण दुसऱ्याच्या अंगावर चढतो किंवा पायाशी बसतो. रफार पुढच्या अक्षराच्या माथ्यावर जातो. ही सारी व्यवस्था पाहण्यास त्या संगणकाजवळ ना अवकाश होता ना बळ. म्हणून जिस्ट कार्ड नावाची एक स्वतंत्र पाटी संगणकाच्या खाचेत बसवावयाची, आणि अक्षरजुळणीचे काम त्या पाटीवरील मंडलांनी करावयाचे, अशी योजना होती. त्यामुळे मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींतही मराठी मजकूर भरता येई.

या पाटीच्या मागे उभे असलेले चिंतन पाणिनीच्या देशाला शोभणारे होते. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांचा वर्णक्रम तत्त्वतः एक आहे. म्हणून अक्षराच्या आकृतीस नव्हे तर वर्णास संकेतांक द्यावा, आणि आकृती ठरविण्याचे काम नियमांवर सोपवावे, असे सूत्र तेथे स्वीकारलेले होते. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने 'आयएस १३१९४' या क्रमांकाने प्रमाण मानलेली इस्की संहिता आणि स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे मांडणारा इन्स्क्रिप्ट कळफलक ही याच सूत्राची फळे होत.

आता मूळ प्रश्न या पाटीस लावून पाहावा. संगणक स्वस्त झाला तेव्हा प्रथम पाटीचा फायदाच झाला असला पाहिजे; संगणक अधिक कचेऱ्यांत गेला म्हणजे मराठी लागणाऱ्या कचेऱ्याही अधिक झाल्या. पूरक वस्तू स्वस्त झाली की आपल्या वस्तूची मागणी वाढते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. परंतु त्याच स्वस्ताईने संगणकाच्या पोटात पूर्वी नसलेले बळ भरले. चित्ररूप पडदा, मोठी स्मृती आणि वेगवान प्रक्रियक हे सर्व सामान्य किंमतीत मिळू लागताच अक्षरजुळणीसाठी वेगळ्या पाटीची गरज उरली नाही; तेच काम आज्ञावली करू लागली. जी घसरण प्रारंभी पाटीची सहायक होती, तीच पुढे तिचा अंत करणारी ठरली.

पाटीच्या जागी 'आयएसएम', 'लीप ऑफिस' यांसारख्या आज्ञावली आल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी' मराठी छपाईच्या जगात रूढ झाली. यांपैकी कित्येकांबरोबर संगणकाच्या मागे खोचावयाचे एक छोटे कुलूप मिळे, आणि ते खोचल्यावाचून आज्ञावली चालत नसे. या कुलपाचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. त्याला अक्षरजुळणीचे काहीच काम नव्हते. भाषेचे ज्ञान आज्ञावलीत होते. परंतु ज्ञानाची नक्कल फुकट होते आणि यंत्राची होत नाही, म्हणून किंमत वसूल करण्यासाठी ज्ञानाला यंत्राचे सोंग घ्यावे लागले.

शेवटचा टप्पा याहून निर्णायक होता. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड प्रमाणात देवनागरीचा विभाग इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीची सोय अंगभूत आली, आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा टंक अशा प्रणालींतून घरोघर गेला. २०१४ मध्ये अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत मराठी ही दूरध्वनीच्या वापराची भाषा झाली. अशा रीतीने पुण्यात विकली जाणारी वस्तू जगभर फुकट मिळू लागली. विचार जिंकला आणि विक्री संपली. जिस्ट गट आजही सी-डॅकमध्ये काम करतो. परंतु तो कार्डाच्या नफ्यावर चालत नाही, सार्वजनिक संस्थेचा भाग म्हणून चालतो. या भेदाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

६

निर्मात्याच्या बाजूने पाहिलेला हा प्रश्न ग्राहकाच्या बाजूनेही पाहिला पाहिजे, आणि त्यासाठी महाड व पोलादपूर ही उदाहरणे सोयीची आहेत. कारण घसरणीमुळे जो नवा ग्राहक मिळतो असे सांगितले जाते, तो अशाच तालुक्यांतला असतो.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या महापुराने महाडची बाजारपेठ बुडाली, आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. अशा पुरानंतर दुकानदार जी यंत्रे नव्याने घेतो ती निर्मात्याच्या हिशेबात 'विक्री' म्हणून जमा होतात. गावाच्या हिशेबात ती नुकसानीची भरपाई असते. नगांच्या वाढीतील किती वाटा नव्या ग्राहकांचा आणि किती जुन्यांच्या बदलीचा, हे वेगळे काढल्याखेरीज 'मागणी वाढली' या विधानास अर्थ येत नाही. याच्या उलट उदाहरण थायलंडचे आहे. तेथे २०११ च्या पुरात कारखाने बुडाले तेव्हा जगभर हार्ड डिस्कच्या किंमती चढल्या. उत्पादकाच्या गावी पूर आला तर किंमत हलते. ग्राहकाच्या गावी आला तर केवळ ग्राहक हलतो.

पोलादपूरच्या डोंगरगावांतील अनेक कुटुंबांचा कर्ता माणूस मुंबईत असतो. त्याने नवा दूरध्वनी घेतला म्हणजे जुना गावाकडे आईवडिलांच्या किंवा भावाच्या हाती जातो, हा परिपाठ कोकणात सर्वपरिचित आहे. रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंविषयी जो सिद्धान्त मांडला त्याचा सारांश असा की, टिकाऊ वस्तूच्या विक्रेत्याचा सर्वांत मोठा स्पर्धक म्हणजे त्यानेच उद्या स्वस्तात विकावयाची वस्तू. ग्राहक ते ओळखतो आणि थांबतो. या सिद्धान्तास पोलादपूरची पुस्ती जोडावयास हवी : निर्मात्याचा दुसरा स्पर्धक म्हणजे त्यानेच काल विकलेली वस्तू, जी अजून चालते आणि जिची किंमत आता केवळ एस. टी.च्या तिकिटाइतकी आहे. घसरणीने नवा ग्राहक मिळतो हे खरे. परंतु तो पुष्कळदा वापरणारा म्हणून मिळतो, विकत घेणारा म्हणून नव्हे.

तरीही या वापरणाऱ्यापाशी एक मागणी आहे. त्याला सातबारा मराठीत पाहावयाचा असतो, आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून राज्यात मिळू लागला आहे. त्याला निरोप मराठीत लिहावयाचा असतो. लिहिण्याचा कंटाळा असेल तर बोलून लिहवून घ्यावयाचा असतो. ही मागणी यंत्राच्या धातूविषयी नाही, यंत्रातील भाषेविषयी आहे. दूरध्वनीवर सर्व अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता यावा असा नियम केंद्र शासनाने २०१६ मध्ये काढला, ही गोष्ट सूचक आहे. फुकट असलेली वस्तूही अनेक यंत्रांत घातली जात नव्हती. ती घालण्यासाठी हुकूम लागला. नफ्याची कड इतकी बारीक झालेली असताना निर्माता स्वतःहून मराठीचा खर्च का करील?

आणि मराठीचा खर्च संपलेला नाही. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र, 'ॲ' हे अक्षर, 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे या बाबी हिंदीसाठी आखलेल्या देवनागरीत आपोआप येत नाहीत. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला तो ६ नोव्हेंबर २००९ रोजी. लिपीची ही कथा. उच्चाराची याहून अवघड आहे. पोलादपूरच्या वाडीवरची म्हातारी ज्या मराठीत बोलते तीत तिचे बोलणे यंत्राने ओळखावे, तर त्या बोलीचे ध्वनिमुद्रण, लेखन आणि विश्लेषण कोणीतरी केलेले असावे लागते. या कामाची किंमत चिपांच्या किंमतीबरोबर उतरत नाही. माणसाच्या श्रवणाला आणि विवेकाला मूरचा नियम लागू नाही.

७

रूढ युक्तिवादाचे समर्थन करणारे अलीकडच्या काळातील एक उदाहरण पुढे करतील. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागणीमुळे एनव्हिडियाची भरभराट झाली, आणि २०२५ च्या उत्तरार्धात स्मृति-चिपांचे भाव उतरण्याऐवजी झपाट्याने चढले. हे खरे आहे. परंतु त्यामुळे घसरण वाढीचे कारण आहे हे सिद्ध होत नाही, उलटेच सिद्ध होते. एनव्हिडियाचे बळ चिपेइतकेच 'कुडा' या आज्ञावली-व्यवस्थेत आहे. ती २००६ मध्ये जाहीर झाली, आणि तिच्यात कामे लिहून ठेवलेल्या अभ्यासकांना दुसरीकडे जाणे महाग पडते. स्मृति-चिपांचे भाव टंचाईने चढले, आणि टंचाई सरल्यावर त्या बाजारातील भाव उतरतात असाच त्याचा पूर्वेतिहास आहे. बिझिकॉमने जे गमावले आणि जिस्टने जे जगाला देऊन टाकले, ते एनव्हिडियाने आपल्या हाती ठेवले, इतकाच काय तो फरक.

एवंच, मूळ प्रश्नाचे उत्तर तीन विधानांत देता येईल. किंमती उतरत असताना नगांची वाढ सहज शक्य आहे, उलाढालीची वाढ काही काळ शक्य आहे, आणि नफ्याची वाढ केवळ त्यालाच शक्य आहे ज्याच्यापाशी न उतरणारे असे काही असते. हे न उतरणारे कधी शुल्काची भिंत असते, कधी टंचाई, कधी ज्ञान. भिंत शासन पाडते, टंचाई प्रतिस्पर्धी भरून काढतो. ज्ञान टिकते, परंतु ते प्रमाण म्हणून सर्वांचे झाले की त्याच्या धन्याला भाडे देत नाही.

शेवटच्या विधानातच मराठीचा प्रश्न अडकलेला आहे. इस्की सर्वांची झाली हे योग्यच झाले. कुलूप लावलेल्या मराठीपेक्षा मोकळी मराठी केव्हाही श्रेयस्कर. परंतु जोपर्यंत मराठी अक्षर ही विकत घ्यावयाची पाटी होती, तोपर्यंत तिच्यामागच्या कामाला बाजारात एक दर होता. आता तो दर शून्य झाला आहे, आणि शून्य दराची वस्तू बिनश्रमाची असते असा समज पसरला आहे. यंत्र-निर्माता हे काम करणार नाही, कारण त्याच्या नफ्यात तेवढी जागा उरलेली नाही. ज्या थोड्या परदेशी कंपन्यांना ते परवडते त्या ते आपल्या सोयीच्या भाषेत, आपल्या सोयीच्या क्रमाने करतील, आणि त्या क्रमात पोलादपूरची बोली शेवटी येईल किंवा येणारच नाही. उरतात सार्वजनिक संस्था आणि विद्यापीठांचे विभाग. बोलींचे नमुने गोळा करणे, शब्दसंग्रह तपासणे, शुद्धलेखनाची आणि उच्चाराची प्रमाणे नोंदविणे ही कामे आजवर पदवीपुरती आणि ग्रंथालयाच्या कपाटापुरती होत आली. यापुढे तीच संगणकाच्या उद्योगाचा न उतरणारा भाग आहेत. ती कोणी करावयाची आणि त्यांचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न संगणकाच्या किंमतीने सोडविलेला नाही. किंमत उतरत गेली तसा तो अधिक उघडा पडला आहे.